आमच्या कोपऱ्याच्या सफाईचं सामान: चिमटा, हातमोजे, गोण्या, रंग. आठ महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

हा रिव्ह्यू मी मुद्दाम उशिरा लिहितेय, कारण मला पावसाळा संपायची वाट बघायची होती. भिंतीला लावलेला रंग मार्चमध्ये सगळ्यांचाच छान दिसतो, खरं काय ते ऑक्टोबरमध्ये कळतं. पुण्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी डीपीच्या, म्हणजे विजेच्या पेटीच्या, बाजूला एक कचऱ्याचा कोपरा होता. महापालिकेवाले अशा जागेला क्रॉनिक स्पॉट म्हणतात, म्हणजे रोज उचलतात आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच भरलेला असतो. मी इथे राहायला आले तेव्हापासून, अकरा वर्षं, तो तसाच बघतेय. फेब्रुवारीत आम्ही एकतीस घरांनी तीनशे तीनशे रुपये काढले, नऊ हजार तीनशे जमले, त्यात काय घेतलं आणि त्यातलं काय टिकलं ते सगळं सांगते.

सगळ्यात आधी चिमटा. ऑनलाइन मिळतो ना तो लांब दांड्याचा, मुठीत दाबला की पुढचा जबडा मिटतो, तो. साडेतीनशेला एक असे चार घेतले. बाटल्या, कप, वेफर्सची पाकिटं, डायपर असल्या गोष्टींना एकदम मस्त, वाकावं लागत नाही त्यामुळे आमच्या समोरचे आजोबा, वय बहात्तर, दोन तास सलग उचलत होते आणि कंबर दुखली नाही म्हणाले. पण गुटख्याच्या पुड्या आणि सिगारेटची थोटकं यात नीट येत नाहीत, सटकतात. दोन चिमट्यांचा प्लॅस्टिकचा जबडा तिसऱ्या रविवारी तुटला, कारण पोरांनी त्याने विटांचे तुकडे उचलले. घेणार असाल तर जबडा धातूचा आणि टोकाला रबर असलेला बघा, शंभरेक रुपये जास्त जातात पण ते वसूल होतात. पाचपैकी साडेतीन.

पण खरं काम करतो तो खराटा आणि दाताळं. मातीत रुतलेल्या पिशव्या, वर्षानुवर्षांचे थर, तिथे चिमटा काही कामाचा नाही. दाताळ्याने ओढायचं, फावड्याने घमेल्यात, घमेलं गोणीत, बस. आमच्या गल्लीत रोज झाडायला येतात त्या मावशींनी पहिल्याच रविवारी आम्हाला खराटा कसा धरायचा ते दाखवलं, आम्ही सगळे घरात केरसुणी मारतो तसा मारत होतो आणि धूळ आपल्याच तोंडावर उडत होती. त्या म्हणाल्या वाऱ्याकडे पाठ करा आणि आधी थोडं पाणी शिंपडा. (डीपीच्या आजूबाजूला मात्र पाणी अजिबात मारू नका, आणि जाळीच्या आत काही पडलं असेल तर ते तसंच राहू द्या, चिमट्याने सुद्धा काढायला जायचं नाही. आम्ही तेवढी दोन फूट जागा कोरडीच झाडली.) खराट्याला पाचपैकी पाच.

हातमोजे. यात आम्ही पैसे वाया घालवले म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी ते पांढरे सुती, तळव्यावर ठिपके असलेले घेतले, वीस-पंचवीसला जोडी मिळते. ओल्या कचऱ्यात हात गेला की पाचच मिनिटात आतपर्यंत भिजतात, मग तो घाण वास आठ दिवस हाताला. काही जणांनी दवाखान्यात घालतात तसले पातळ आणले होते, ते तर पहिल्याच काचेला फाटले आणि आमच्या एका मुलाचं बोट कापलं, लगेच धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला लागलं. तेव्हापासून आम्ही तळव्याला नायट्राइलचा, म्हणजे एका प्रकारच्या रबराचा, थर असलेले वापरतो, साधारण ऐंशी-नव्वदला जोडी, आतून कापड असतं, पकड चांगली येते, धुऊन वाळवून परत वापरता येतात, आमच्या जोड्या आठ महिने चालल्यात. आणि सुई दिसली तर हातमोजा कितीही जाड असू दे हात लावायचा नाही, चिमट्याने उचलून जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या बाटलीत टाकायची आणि बाटलीवर लिहायचं. तो कचरा पुढे कोणीतरी हाताने वेगळा करणार असतो.

ही गोष्ट मला या कामातूनच कळली. आमच्याकडे घरोघरचा कचरा न्यायला स्वच्छ संस्थेच्या ताई येतात. कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे ती, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची १९९३ ची संघटना, तिच्यातून उभी राहिलेली. डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे आत काय आहे ते न उघडता कळतं, असं त्या कित्येक वर्षं सांगतायत, आणि मी कित्येक वर्षं ते ऐकून सोडून देत होते. कोपरा उपसताना स्वतःच्या हाताने तसली गुंडाळी न केलेली पिशवी उघडली गेली, त्या दिवसापासून आमच्या घरात एकदाही ठिपका चुकलेला नाही.

गोण्या. काळ्या गार्बेज बॅग अजिबात घेऊ नका. काच आणि राडारोडा असेल तर उचलतानाच तळ फाटतो आणि सगळं परत रस्त्यावर. किराणावाल्याकडून तांदळाच्या रिकाम्या गोण्या घेतल्या, दहा रुपयाला एक, पहिल्या दिवशी सत्तेचाळीस भरल्या. त्यातल्या अकरा नुसत्या राडारोड्याच्या होत्या, कोणीतरी बाथरूम फोडून आणून टाकलेलं. राडारोडा वेगळा ठेवा बरं का, तो बाकी कचऱ्यात घातला तर गाडीवाले घेत नाहीत आणि ते बरोबरच आहे. आम्ही आदल्या दिवशीच आरोग्य कोठीत, म्हणजे महापालिकेच्या सफाईच्या चौकीत, जाऊन मुकादमांना भेटून ठेवलं होतं म्हणून गाडी अकराला आली. हे केलं नाही तर तुमच्या सत्तेचाळीस गोण्या तिथेच पडून राहणार आणि संध्याकाळपर्यंत कुत्री त्या फोडणार. दोन वर्षांपूर्वी एका ग्रुपने आमच्याकडे ड्राइव्ह केली होती तेव्हा नेमकं हेच झालं होतं. बॅनर, टीशर्ट, फोटो सगळं होतं, गाडीचं कोणी बघितलं नव्हतं, ते लोक दहाला निघून गेले आणि गोण्या पाच दिवस तिथेच. तेव्हापासून गल्लीतल्या लोकांचा असल्या गोष्टींवरचा विश्वासच उडाला होता, यावेळी एकतीस घरं जमवायला मला दीड महिना लागला त्याचं कारण ते.

तर रविवारी कोपरा चकाचक झाला, आणि मंगळवारी सकाळी तिथे सहा पिशव्या. मला खरंच रडू आलं.

बंगळूरला माझा मामेभाऊ असतो, त्याला फोन केला. तिकडे २०१० पासून द अग्ली इंडियन नावाचा गट आहे, चर्च स्ट्रीटपासून त्यांनी सुरुवात केली, कोण आहेत ते नाव सांगत नाहीत, काम चालू मुंह बंद हे त्यांचं वाक्य. आपल्याकडे गाडगेबाबा आधी दिवसभर गाव झाडायचे आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहायचे, मला तर त्याचीच आठवण झाली. भाऊ त्या बंगळूरच्या गटाच्या दोन-तीन स्पॉटफिक्सला, म्हणजे सगळ्यांनी मिळून एखादा घाण कोपरा सुधारायच्या कामाला, जाऊन आलाय. तो म्हणाला तुम्ही पाटी लावलीत का, मी म्हटलं हो, येथे कचरा टाकू नये, तो म्हणाला ती काढ, त्या पाटीनेच लोकांना कळतं की कचरा टाकायची जागा हीच. आधी कोण कधी टाकतं ते नुसतं बघ, भांडू नको.

म्हणून मी आणि तळमजल्यावरच्या काकू आठवडाभर सकाळी सहापासून चहाचा कप घेऊन खिडकीत बसलो. टाकणारे बाहेरचे नव्हतेच. मागच्या दोन बिल्डिंगमध्ये भाड्याने राहणारी मुलंमुली, सात-सव्वासातला कामाला निघतात, ताई येतात नऊला, तेव्हा दार उघडायला घरी कोणीच नसतं, मग जाता जाता पिशवी कोपऱ्यात. वाईट मुलं नाहीत हो ती, त्यांच्याकडे दुसरा उपायच नव्हता. आम्ही त्या बिल्डिंगच्या सेक्रेटरींशी बोलून जिन्याखाली झाकणाच्या दोन बादल्या ठेवल्या, एक हिरवी ओल्याची, एक निळी सुक्याची, ताई तिथूनच उचलतात. दोन्ही बादल्यांचे मिळून अकराशे रुपये, आणि माझ्या मते नऊ हजारातला सगळ्यात कामी आलेला खर्च हाच. सहा पिशव्यांच्या दोन झाल्या, मार्च संपेपर्यंत एखादीच.

आता रंग. भिंत चाळीस फूट लांब आणि पाच फूट उंच, म्हणजे दोनशे स्क्वेअर फूट. दुकानदाराने डिस्टेंपर दाखवला, स्वस्त पडतो म्हणून. बाहेरच्या भिंतीला डिस्टेंपर घेऊ नका, तो घराच्या आतला रंग आहे, पावसात धुऊन जातो. आम्ही एक्स्टिरियर इमल्शन, म्हणजे बाहेरच्या भिंतीचा रंग, घेतलं, दोन हातांना पाच लिटर लागलं, खडबडीत भिंत जास्त पिते. त्याआधी तारेच्या ब्रशने जुने पोपडे खरवडले, भेगा सिमेंटने बुजवल्या, मग बाहेरच्या भिंतीचा प्रायमर एक हात. या तयारीला दोन रविवार गेले आणि पोरं कंटाळली, पण तेवढं करायलाच हवं. एका टोकाला आठ फूट आम्ही घाईत प्रायमर न मारता रंगवली होती, ऑगस्टमध्ये बरोबर तेवढ्याच भागाचे पोपडे निघाले, बाकीची भिंत अजून घट्ट आहे.

भावाने सांगितलेली दुसरी गोष्ट, खालचे अडीच फूट गेरूसारख्या गडद विटकरी रंगात घ्या. पावसात रस्त्याचा चिखल उडतो तो आणि पानाच्या पिचकाऱ्या त्यात दिसून येत नाहीत, आणि एक डाग दिसला नाही की दुसरा थुंकणारा तिथे थुंकत नाही. आठ महिन्यांत पिचकाऱ्या झाल्या, नाही असं नाही, पण बोटावर मोजण्याइतक्या. वरच्या अर्ध्या भागात क्रीम रंग होता, तो मात्र आता मळलाय. पुढच्या वेळी सगळीच भिंत विटकरी घेणार.

खालच्या विटकरी भागावर पांढऱ्याने वारली काढली. गोल, त्रिकोण, रेघा एवढ्यावर माणसं उभी राहतात, त्यामुळे सात वर्षांच्या मुलालाही जमतं आणि चुकलं तरी वाईट दिसत नाही. आमच्याकडे एक चित्रकलेच्या रिटायर्ड बाई आहेत, त्यांनी मुलांना आधी सांगितलं की ही डहाणूकडच्या वारली लोकांची कला, गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात, जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये याच कलेसाठी पद्मश्री मिळाली, मग हातात ब्रश दिला. मुलांनी तारपा नाच, म्हणजे तारपा वाद्यावर गोल फेर धरून नाचतात तो, काढला आणि त्यात एका बाजूला आमच्या खराटेवाल्या मावशी सुद्धा काढल्या, पदर खोचलेल्या. मावशी आता कोणी पाहुणा आला की त्याला ते दाखवायला आणतात.

देवाच्या टाइल्स लावा म्हणून बऱ्याच जणांनी सुचवलं होतं, म्हणजे कोणी लघवी करणार नाही. मी आणि काकूंनी ठाम नाही म्हटलं. सहा महिन्यांनी टाइल फुटते, पाठीमागे कचरा तसाच आणि पुढे देव, ते बघवत नाही. त्याऐवजी लाइटची सोय केली, सोसायटीच्या मीटरवरून इलेक्ट्रिशियनकडून एक एलईडी लावून घेतला आठशे रुपयांत. अंधार गेला आणि तो प्रश्न बहुतेक मिटला.

कुंड्या मात्र फसल्या. सहा ठेवल्या, दोन पहिल्याच आठवड्यात गेल्या, उरलेल्यांना मे महिन्यात पाणी घालायला कोणी नव्हतं, सगळे गावाला. आता जमिनीतच कोरफड आणि दोन तगरी लावल्यात, त्या छान आहेत.

आज सकाळी कोपऱ्यात एक चहाचा कप आणि दोन गुटख्याच्या पुड्या होत्या, बाकी काही नाही. पलीकडच्या गल्लीतल्या काकू परवा विचारायला आल्या होत्या, आमच्याकडे पण करायचंय, रंग कुठून घेतलात. त्यांना मी दाताळं आणि दोन घमेली देऊन पाठवलं आणि म्हटलं रंगाचं नंतर बघू, आधी एक आठवडा सकाळी सहाला खिडकीत बसा.