डॉक्टर डूमची सहा इंची फिगर, अकरा महिने वापरल्यानंतर

मार्व्हल कॉमिक्समधला खलनायक डॉक्टर डूम, त्याची ही फिगर, म्हणजे सांधे हलणारा छोटा प्लास्टिकचा पुतळा, मी मागच्या जूनमध्ये घेतली आणि आता मे संपत आलाय, म्हणजे एक अख्खा पावसाळा आणि एक अख्खा उन्हाळा तिने आमच्या डोंबिवलीच्या घरात काढलाय. बॉक्स उघडल्या उघडल्या लिहिलेले रिव्ह्यू ढीगभर मिळतात, त्यात सगळंच भारी असतं, पण फिगरची खरी क्वालिटी कळायला आपल्याकडची हवा तिला एकदा पूर्ण लागू द्यावी लागते. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण खाली लिहिलेले बरेचसे प्रॉब्लेम या साइजच्या कुठल्याही फिगरला येऊ शकतात.

आधी एक क्लिअर करतो. २०२४ च्या सॅन दिएगो कॉमिक-कॉनला, म्हणजे कॉमिकवाल्यांच्या मोठ्या मेळाव्यात, अभिनेता रॉबर्ट डाउनी ज्युनियर सिनेमात डूम करणार असं जाहीर झालं आणि तेव्हापासून ज्यांनी कधी कॉमिक हातात धरलं नाही ते पण डूमबद्दल विचारायला लागले. ही फिगर सिनेमातल्या डूमची नाही. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६२ मध्ये फँटॅस्टिक फोर या कॉमिकच्या पाचव्या अंकात आणलेला जो लाटवेरिया या काल्पनिक देशाचा राजा, त्याचा हा जुना लूक आहे. हिरवा अंगरखा, हिरवी हूडवाली केप, खांद्यावर दोन सोनेरी गोल बकल, आणि चेहरा पूर्ण लोखंडी मास्कमागे.

आणि या मास्कमुळेच डूमची फिगर बनवणं अवघड आहे असं मला वाटतं. जोकरची फिगर असेल तर हसण्यातच अर्धं काम होतं, इथे चेहराच नाही, जे काय दिसायचं ते दोन डोळ्यांत आणि हाताच्या बोटांत. मी पहिल्या रात्री मोबाइलचा टॉर्च लावून मास्कच्या आत बघितलं तर डोळे खरंच आत खोल बसवलेत, भोवती कातडीचा रंग दिलाय, बुबुळं पण रंगवलीत. डाव्या डोळ्याचा पांढरा रंग किंचित खाली घसरलाय पण हातभर अंतरावरून ते कळत नाही. मास्कवरचे रिवेट एकेक वेगळे उठून दिसतात आणि खाचांमधे काळा वॉश, म्हणजे पातळ केलेला रंग, दिलाय त्यामुळे लोखंड जुनं, वापरलेलं वाटतं. हे काम ए वन आहे, इथे मी पूर्ण मार्क देतो. हातांचे तीन जोड आहेत, मूठ, पिस्तूल धरायचा, आणि मंत्र टाकताना असतात तसे बोटं ताणलेले उघडे पंजे, आणि ते उघडे पंजे लावले की पुतळा एकदम जिवंत होतो.

आता त्रास. बॉक्समधून काढल्यावर उजवा गुडघा जाम होता, हललाच नाही. अशा वेळी प्लीज जोर लावू नका, आतली पिन पिळून तुटते आणि मग काही करता येत नाही. कडक गरम पाणी घ्यायचं, उकळतं नाही, त्यात पाय एक मिनिट बुडवायचा आणि हळूहळू थोडा थोडा वाकवायचा. माझा दुसऱ्या वेळेला सुटला, नंतर सिलिकॉन ऑइलचा एक थेंब सोडला, आजपर्यंत नीट चालतोय. चिलखताचं प्लास्टिक मुळातच चंदेरी आहे, वरून रंग मारलेला नाही, त्यामुळे कोपर-गुडघे इतके वाकवूनही पोपडे गेले नाहीत, फक्त बोटांच्या टोकांना थोडी घासण आलीय.

सगळ्यात मोठी तक्रार केपची. ती जाड पीव्हीसीची आहे, दिसायला घड्या सुंदर आहेत, पण वजन सगळं मागे जातं. पहिले दोन महिने डूम ताठ उभा होता, मग घोटे हळूहळू सैल पडले आणि ऑगस्टमध्ये एका सकाळी बघतो तर शेल्फवरून खाली पडलेला, मास्कच्या नाकावर ओरखडा, मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं. मग घोट्याचा बॉल काढून त्यावर पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक वॉर्निशचा पातळ हात दिला, रात्रभर वाळवला आणि परत बसवला, सांधा घट्ट झाला. शिवाय पायाखाली भोक आहे त्यात बसेल असा पारदर्शक स्टँड वेगळा विकत आणला. एवढी जड केप द्यायची तर स्टँड बॉक्समध्येच हवा होता, हे मी ठामपणे म्हणेन.

त्याच पावसाळ्यात केप चिकट पण झाली. हात लावला की बोट चिकटायचं आणि धूळ तर सगळी तिथेच. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे प्लास्टिसायझर घालतात ते हळूहळू वर येतं, त्याने असं होतं. डोकं काढलं की केप निघते, मग कोमट पाणी, भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब, जुना मऊ टूथब्रश, आणि पंख्याखाली पूर्ण वाळवायची. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको, रंगच निघून येतो.

उन्हाळ्यात पुतण्याने पुठ्ठ्याचं सिंहासन करून दिलं, म्हटलं राजा आहे तर बसलाच पाहिजे. अंगरखा बाजूने कापलेला आहे त्यामुळे बसतो व्यवस्थित, मांडीवर हात ठेवून मान थोडी खाली केली की तो रुबाब बघत राहावासा वाटतो. पण एप्रिलभर तसाच ठेवला तर अंगरख्याची कड वर वळली ती वळलीच. परत गरम पाणी, हाताने सरळ धरून लगेच थंड पाण्यात, तेव्हा बसली.

किंमत मला ३९०० पडली. २०२० च्या बजेटमध्ये खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २० वरून ६० टक्के झाली तेव्हापासून इंपोर्टेड फिगर महागच आहेत, म्हणून १२००-१५०० ची डुप्लिकेट बघून मोह होतो. मी एका ओळखीच्याकडे तशी एक हातात घेऊन बघितलीय. वजनाला हलकी, प्लास्टिक तेलकट चकचकीत, केरोसीनसारखा वास, डोळ्यांच्या जागी नुसते दोन पांढरे ठिपके, आणि पाठीवर कॉपीराइटचा बारीक ठसा असतो तो नाहीच. ज्या फिगरचा सगळा जीव डोळ्यांत आहे तिथे ठिपके असतील तर घ्यायचं कशाला.

सध्या माझा डूम खिडकीपासून लांब, आतल्या भिंतीच्या शेल्फवर स्टँडवर उभा आहे. नाकावरचा ओरखडा मी रंगवला नाही, लोखंडावर शोभतो. पहिली सर आली की केप काढून धुऊन घेणार आणि सप्टेंबरपर्यंत त्याला बिनकेपचाच ठेवणार आहे.