पीओच्या फाइलमधलं ते लाल चित्र

आधी आकडा सांगतो: ₹3,84,650 गेले. ओटीपी कुणाला दिला नाही, लॉटरीबिटरीची हाव नव्हती. वर्डची एक फाइल उघडली, एवढंच.

भोसरीत माझं लेझर कटिंगचं छोटं शॉप आहे. मेलवर रोज एनक्वायऱ्या येतात, त्यातलीच ही. एका पानाचा पीओ (खरेदीची ऑर्डर), खाली पीडीएफचा लाल आयकॉन, 'ड्रॉइंगसाठी डबल क्लिक करा'. वरच्या पिवळ्या पट्टीतलं एनेबल एडिटिंग दाबलं. ते तर रोजच दाबतो. डबल क्लिक केल्यावर मात्र चौकट आली, ही फाइल धोकादायक असू शकते, उघडायची का? नावही होतं तिथे. नावाच्या शेवटी पीडीएफ नव्हतं, जेएस होतं, म्हणजे चालणारा प्रोग्रॅम. मी ओके दाबलं! साधं ड्रॉइंग बघायला परवानगी कशाला लागेल, हे तेव्हा का सुचू नये? समोर पार्टी बसलेली, मशीन बंद पडलेलं. त्यात ऑफिस 2013 चं, ज्याचे अपडेट 2023 च्या एप्रिलमध्येच थांबले. अँटिव्हायरस वर्षाला ₹849 घेतो, तो मूग गिळून बसला.

काहीच उघडलं नाही, मी विसरून गेलो. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेला मेलचा पासवर्ड तेवढ्यात गेला होता. (तिथे पासवर्ड ठेवूच नका.) चोराने माझ्याच मेलवरून जुन्या गिऱ्हाइकाला 'आमचं खातं बदललंय' कळवलं, आणि त्यांची उत्तरं परस्पर ट्रॅशमध्ये जातील असा रूल लावला. एकोणीस दिवसांनी उधारीसाठी फोन केला, तर म्हणतात, "पेमेंट केलंय की!"

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच कळवलं. पोलीस म्हणतात, पैसे तुमच्या खात्यातून गेलेच नाहीत, तक्रार गिऱ्हाइकाने करायची. गिऱ्हाईक म्हणतं, मेल तुमचा, आम्ही का करू? बँक म्हणते, एफआयआर आणा. ठाण्यात चार फेऱ्या झाल्या. एकदा साहेब बंदोबस्तात, एकदा प्रिंटर बंद, एकदा "शिकलेले दिसता, मग दाबलंत कशाला?" चोराच्या त्या खात्यात ₹41,200 गोठवलेत म्हणे, तेही कोर्टातून सोडवा.

भाच्याने नंतर फाइलच्या कॉपीच्या नावातलं शेवटचं डॉकएक्स खोडून झिप केलं. आत वर्ड नावाचं फोल्डर, त्यात एम्बेडिंग्ज, त्यात ओएलईऑब्जेक्ट1.बिन, म्हणजे आयकॉनमागे लपवलेली फाइल. दोन मिनिटांचं काम, तेही फाइल न उघडता! आयकॉन आणि खालचं नाव पाठवणारा हवं ते ठेवतो, त्यावर जाऊ नका. आरटीएफ आणि जुनी डॉक अशी उघडत नाहीत, त्यांना ओलेटूल्स नावाची तपासणीची टूल्स लावावी लागतात. खातं बदललं म्हटलं की जुन्या नंबरावर फोन करा.

उद्या पाचवी फेरी. प्रिंटआउट घरूनच काढून नेतोय.