शाळेची परसबाग, शनिवारचं शेत की सुट्टीतलं शिबिर?

आमची पोरगी सहावीत गेली तेव्हा तिची उसाशी ओळख एवढीच होती, की ट्रॉलीमागून पळत जाऊन कांडं ओढायचं असतं. कोल्हापुरात राजारामपुरीतला फ्लॅट, गावाकडं शेत नाही. दोन वर्षांत मुलांना शेती दाखवायचे हे तिन्ही प्रकार करून झाले. पाचवी ते आठवीतलं मूल घरात असेल आणि यंदा काय निवडायचं असा पेच असेल, तर आमचा हिशोब असा.

शाळेची परसबाग सगळ्यात सोयीची. वेगळी फी नाही, नेणं-आणणं नाही. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात 10 दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलंय, त्यामुळं शाळाही हल्ली उत्साहात असतात. अडचण साधी आहे : एक वाफा आणि चाळीस पोरं. झारी हातात येईपर्यंत तास संपतो. बाईंना एकच प्रश्न विचारा, "दिवाळीच्या सुट्टीत पाणी कोण घालतं?" उत्तरात शिपाईमामांचं किंवा एखाद्या पोराचं नाव आलं तर बाग खरी. "बघू की" असं आलं तर बाग फलकापुरती. मेथी महिन्याभरात काढायला येते, मुळा दीड महिन्यात. म्हणजे दोन सुट्ट्यांच्या मधे शाळेला दोन-तीन पिकं सहज निघतात, मनावर घेतलं तर.

शिबिराचं नाव घेत नाही, पण मे महिन्यातल्या चार दिवसांत आमच्या लेकीनं एक रोप लावलं, फोटो काढला आणि घरी आली. भर उन्हाळ्यात लावलेलं ते रोप जगलं असेल असं मला वाटत नाही. चार दिवसांत काहीही उगवून काढता येत नाही, हा शिबिराचा मूळ दोष. मात्र शिबिर राधानगरी-दाजीपूरच्या बाजूचं असेल तर माझं मत बदलतं. 1958 पासूनचं अभयारण्य आहे ते. गव्याचं शेण, जांभ्यातून झिरपणारं पाणी आणि त्या पाण्याचीच पुढं होणारी भोगावती, हे वर्गात दाखवता येत नाही. आणि गूळ दाखवणारं शिबिर हवं असेल तर दिवाळीनंतरचं धरा, मेमध्ये बहुतेक गुऱ्हाळं थंडावलेली असतात. काहिलीत (रस उकळायच्या मोठ्या कढईत) भेंडीचं पाणी पडलं की काळी मळी कशी वर येते आणि गुळव्या (गूळ करणारा कारागीर) पाक गार पाण्यात टाकून गोळी कशी बघतो, हे जवळून बघायला मिळालं तर तेवढ्यासाठी पैसे वसूल.

आम्ही शेवटी टिकलो ते शनिवारच्या शेतावर. शहरापासून अर्ध्या तासावर, आठ-दहा मुलं आणि प्रत्येकाला स्वतःची सरी. उसाला वर्ष-दीड वर्ष लागतं, म्हणून मुलांना भुईमूग दिला होता. जूनमध्ये टोकणला की शंभर-एकशे दहा दिवसांत काढणी. पिवळी फुलं आल्यावर शेंगा कुठं धरतील म्हणून पोरगी फांद्या तपासत बसली. पुढच्या शनिवारी बघते तर फुलांच्या जागेवरून दोऱ्यासारख्या आऱ्या खाली वाकून मातीत घुसलेल्या. एक उपटून बघितली, टोकाला मुगाएवढी पांढरी शेंग. एक झाड वाया गेलं, पण शेंगा मुळाला लागतात हा तिचा (आणि खरं सांगायचं तर माझाही) समज गेला. दोन सऱ्यांपलीकडं रोप पिवळं पडलं म्हणून उकरलं, तर खाली हुमणीची वळलेली अळी. तिला चिमट्यानं धरून बाटलीत घातलं आणि ती बाटली आमच्या फ्रिजशेजारी तीन दिवस होती.

पाण्याचा धडाही तिथंच. बाटली कापून केलेलं पर्जन्यमापक गच्चीवर ठेवायचं, रोजचे मिलिमीटर वहीत लिहायचे आणि शेजारच्या रकान्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. इशारा 39 फूट, धोका 43, हे तर आपल्याकडं पोरांनाही पाठ असतं. जुलैत एक दिवस आमच्या बाटलीत थेंब नाही आणि नदी मात्र दोन फुटांनी वर. वही घेऊन आली, "बाबा, चुकलंय." चुकलं नव्हतं. पाऊस नदीच्या वरच्या अंगाला, गगनबावडा-राधानगरीकडं पडत होता आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले होते.

तोटेही आहेत. शनिवारची सकाळ आणि पेट्रोल दोन्ही जातं, पावसात गमबूट घ्यावेच लागतात, कारण बांधावर साप असतो. औषधाचे डबे आणि फवारणीचा पंप कुलपात असतात का, हे पहिल्या दिवशी स्वतः बघून या. मूल कंटाळखोर असेल तर भांगलणीच्या (तण काढायच्या) दोन शनिवारांतच "नको" म्हणेल. त्याला आधी शाळेच्या बागेत रमू द्या. आजोळी शेत असेल तर यातलं काहीच नको, मामाला एक फोन करा.

शेतावरच्या वर्गाचं ठरलं तर मृगाच्या आत नाव घाला. शेजारच्यांनी ऑगस्टमध्ये घातलं. त्यांच्या पोराला टोकणणी मिळाली नाही, नुसतं खुरपं मिळालं, आणि आमची पोरगी अजून त्याला त्यावरून चिडवते.