जांभळ्या झोताची वाट पाहणारे क्रीडागृह

एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगमधला बास्केटबॉलचा सामना 48 मिनिटांचा असला, तरी कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटोच्या गोल्डन वन सेंटर या क्रीडागृहात प्रेक्षक दोन तासांहून अधिक वेळ बसलेला असतो, त्यामुळे खेळ थांबलेला असताना त्याच्यापुढे काय मांडले जाते यावर संध्याकाळची निम्मी रंगत ठरते. टाइमआउटमध्ये नाच, गर्दीत भिरकावले जाणारे टी-शर्ट, पडद्यावर प्रेक्षकांचे चेहरे दाखवणारा कॅमेरा हे सारे येथे आहे. ते एनबीएच्या बहुतेक क्रीडागृहांत असते, म्हणून त्यासाठी वेगळे गुण देण्याचे कारण नाही.

गुण द्यायचे ते जांभळ्या झोताला. 2022-23 च्या हंगामापासून येथला किंग्ज संघ जिंकला की एक बटण दाबले जाते आणि छतावरून चार लेझर किरणांचा एकत्रित झोत आकाशात जातो. संघ हरला तर अंधार. ही एवढीशी अट फार मोलाची आहे, कारण टी-शर्ट कोणत्याही निकालाला मिळतो, झोत मात्र खेळाडूंनी मिळवावा लागतो. त्यामुळे शेवटच्या मिनिटांत ‘लाइट द बीम’ (झोत पेटवा) असा जो घोष उठतो, तो निवेदकाने मागितलेला नसून निकालाच्या ओढीतून आलेला असतो. अर्थात, त्याच हंगामात किंग्जनी सलग 16 हंगामांचा प्लेऑफचा, म्हणजे विजेतेपदासाठीच्या बाद फेऱ्यांचा, दुष्काळ संपवला, तेव्हा जल्लोषाचे बरेचसे श्रेय झोताआधी संघालाच द्यायला हवे. हरणाऱ्या संघाच्या छतावर असे लेझर बसवून पाहावेत!

या शहराला आवाज शिकवावा लागला नव्हता, हेही खरे. प्रतिस्पर्धी लेकर्स संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी सॅक्रामेंटोला गायीगुरांचे गाव म्हणून हिणवले, तेव्हा येथील लोक जुन्या क्रीडागृहात गायीच्या गळ्यातल्या घंटा घेऊन आले आणि तो टोमणाच त्यांनी वाद्य केला. मूळचे मुंबईचे विवेक रणदिवे यांच्या नेतृत्वाखालील गटाने 2013 मध्ये हा संघ विकत घेतल्यामुळे तो सिॲटलला गेला नाही. 2016 मध्ये उघडलेल्या या नव्या वास्तूला ती घंटांची परंपरा आयतीच मिळाली.

मग संगीत आणि पडदे काढूनच टाकावेत का? न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या क्रीडागृहाने मार्च 2017 मध्ये वॉरियर्स संघाविरुद्धच्या सामन्याचा पूर्वार्ध संगीत आणि पडद्यावरील करमणुकीशिवाय खेळवून पाहिला होता. वॉरियर्सचा खेळाडू ड्रेमंड ग्रीन याने त्यावर कडक टीका केली. मला स्वतःला तो प्रयोग टोकाचा वाटतो, परंतु चेंडू खेळात असतानाही वाजत राहणारे संगीत कमी केले, तर बुटांची करकर आणि बचावपटूंच्या हाका ऐकू येतील, आणि प्रेक्षकाला आपण कशावर ओरडतो आहोत हे कळेल. ही तक्रार एका क्रीडागृहापुरती नसून साऱ्या लीगच्या सवयीबद्दल आहे.

प्रथमच जाणाऱ्याने स्वस्तातली वरची जागा घ्यायला हरकत नाही, कारण घोषात तिथूनही सामील होता येते. वाहनांची गर्दी चुकवण्यासाठी शेवटच्या दोन मिनिटांत मात्र उठू नये, आणि किंग्ज जिंकले तर बाहेरच्या चौकात थांबून मान वर करावी.