ग्लिमएस की डायक्रे? मलेरियाच्या परजीवीतलं जनुक बंद करण्याआधी

प्लास्मोडियम फाल्सिपॅरमवर पीएचडी ठरली आहे, जनुक हातात आहे आणि ते रक्तातल्या अवस्थेत अत्यावश्यक असावं असा दाट संशय आहे. आता ते बंद कशाने करायचं? कराड, वाई, विटा, मिरज अशा गावांतून जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) मिळवून बाहेरच्या प्रयोगशाळांत गेलेली मुलं मला हे हमखास विचारतात. साताऱ्यात शिकवायला येण्याआधी मी ग्लिमएस (जनुकाचा संदेश, म्हणजे एमआरएनए, तोडून प्रथिन घटवणारी पद्धत) आणि डायक्रे (जनुकच कापून काढणारी पद्धत) दोन्ही वापरली आहेत. परवा मिरजेच्या एका विद्यार्थिनीने पुन्हा तेच विचारलं, "सर, गाइड म्हणतात ग्लिमएस लवकर होतं. घेऊ का?" फोनवर तिला पुरतं सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

बाकीचे पर्याय झटकन बाजूला काढू. आरएनएच्या छोट्या तुकड्यांनी जनुक गप्प करणारी आरएनएआयची यंत्रणाच या परजीवीत नाही. सरळ जनुक उडवावं, तर रक्तातला परजीवी हॅप्लॉइड, म्हणजे प्रत्येक जनुकाची एकच प्रत असलेला. अत्यावश्यक जनुक गेलं की वाढायला काही उरत नाही. मग फ्लास्क रिकामा राहिला तो जनुकामुळे की ट्रान्सफेक्शन (परजीवीत डीएनए घालणं) फसल्यामुळे, हे सांगता येत नाही. 2018 साली पिगीबॅक ट्रान्सपोझॉन (जीनोममध्ये जागोजागी घुसून जनुकं मोडणारा डीएनएचा तुकडा) वापरून जवळजवळ सगळा जीनोम चाचपला गेला, तेव्हा 2,680 जनुकं रक्तातल्या वाढीला आवश्यक ठरली. म्हणजे निम्म्याच्या आसपास जनुकांसाठी आधी परजीवी वाढवायचा आणि मग आपल्या वेळेला जनुक किंवा त्याचं प्रथिन काढून घ्यायचं, एवढाच रस्ता उरतो. एमआरएनएपासून प्रथिन बनणं रोखणारी टेटआर-डोझीची पद्धतही चांगली आहे, पण तिच्यावर माझा हात बसलेला नाही, म्हणून तिच्याबद्दल मत देत नाही.

ग्लिमएसचं आकर्षण मला समजतं. जिवाणूंमधला हा रायबोझाइम (एन्झाइमसारखं काम करणारा आरएनए) जनुकाच्या शेपटाकडे, स्टॉप कोडॉनच्या पुढे जोडायचा. कल्चरमध्ये ग्लुकोसामिन टाकलं की पेशीत त्याचं ग्लुकोसामिन-6-फॉस्फेट होतं, रायबोझाइम स्वतःला कापतो, एमआरएनए टिकत नाही आणि प्रथिन घटतं. फाल्सिपॅरममध्ये हे 2013 साली आलं. जनुकाचं एकच टोक बदलायचं असल्याने प्लास्मिड (बदल वाहून नेणारं गोल डीएनए) सुटसुटीत असतं. 2017 सालच्या एसएलआय पद्धतीने निवडीचं औषध (बदल योग्य जागी बसलेलेच परजीवी जगू देणारं) लावलं, तर औषध चालू-बंद करत महिनोन्महिने वाट पाहणंही बरंच टळतं. शिवाय ग्लुकोसामिन धुऊन काढलं की प्रथिन परत येतं. पोवई नाक्यावरच्या मेडिकलमध्ये गुडघेदुखीसाठी मिळतं तेच हे ग्लुकोसामिन, त्यामुळे खर्चाचीही चिंता नाही.

डायक्रेचं काम सुरुवातीला अंगावर येतं. डीएनए कापणारं क्रे रिकॉम्बिनेज हे एन्झाइम दोन तुकड्यांत असतं. रॅपामायसिन दिल्यावर ते तुकडे जुळतात आणि दोन लॉक्सपींमधला (क्रे ओळखतं त्या डीएनएवरच्या खुणांमधला) डीएनए कापून टाकतात. तेव्हा आधी डायक्रे असलेली परजीवी लाइन हवी, मग जनुकात दोन ठिकाणी लॉक्सपी बसवायचे. छोट्या कृत्रिम इंट्रॉनमध्ये (प्रथिन बनण्याआधी गाळल्या जाणाऱ्या भागात) लॉक्सपी लपवण्याची युक्ती आल्यापासून प्रथिनाला धक्का लागत नाही, हे फार मोठं सुख. पण लॉक्सपी क्रिस्परने घालायचे, तर जीनोममधली 80 टक्क्यांच्या आसपास अक्षरं ए आणि टी, त्यामुळे कुठे कापायचं ते दाखवणाऱ्या गाइड आरएनएला मनासारखी जागा सापडत नाही. तुटलेलं डीएनए नुसतंच सांधणारी एनएचईजेची सोय या परजीवीकडे नाही, म्हणून दुरुस्तीचा साचा द्यावाच लागतो. त्यातला काही भाग कोडॉन बदलून कृत्रिम बनवून घ्यावा लागतो, आणि एटीने भरलेली प्लास्मिडं ई. कोलायमध्ये मधूनच तुकडे गाळतात. फेलोशिप पाच वर्षांची, घरचे तासगावहून "किती राहिलं?" विचारणार, आणि हातात अजून धड क्लोन नाही. ही धास्ती खरी आहे.

तरीही माझं मन डायक्रेकडे गेलं ते ग्लुकोसामिनमुळेच.

ग्लुकोसामिन परजीवीला निरुपद्रवी नाही. मात्रा वाढवली की रायबोझाइम नसलेला मूळ 3डी7 (फाल्सिपॅरमची प्रयोगशाळेतली लाइन) सुद्धा मंदावतो. साधारण 2.5 मिलिमोलरच्या आसपास काम करायची पद्धत आहे. माझ्या जनुकाच्या बाबतीत तेवढ्या मात्रेला वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिन किती आहे ते दाखवणाऱ्या चाचणीत) बँड फिका व्हायचा, पण जायचा नाही, आणि परजीवी मजेत वाढायचे. मात्रा चढवली की बँड आणखी फिका व्हायचा, पण तोवर शेजारच्या कंट्रोल फ्लास्कमधल्या रिंगाही (परजीवीची कोवळी अवस्था) रोडावलेल्या दिसायच्या. मग मी काय मोजत होतो? दोन आजारी कल्चरमधला फरक. ती मधली कामाची पट्टीही एका जागी टिकत नसे. रक्ताची पिशवी बदलली, द्रावण जुनं झालं, कल्चर नीट सिंक्रोनाइझ झालं नाही (सगळे परजीवी एका वयाचे नसले), की ती सरकायची. याचं काटेकोर मोजमाप माझ्याकडे नाही. अनेक आठवडे रोज सकाळी स्मिअर पाहून बसलेली ही खात्री आहे. दुसऱ्या जनुकाला, दुसऱ्या हाताला कदाचित हा त्रास होणारही नाही.

यातला सगळ्यात जिव्हारी लागणारा भाग म्हणजे 'काही फरक पडला नाही' हे उत्तर. प्रथिनाचा दहावा हिस्सा जरी उरला, तरी पुष्कळ एन्झाइमांचं तेवढ्यावर भागतं. मग जनुक अनावश्यक आहे, की आपण ते पुरेसं घटवलंच नाही? लॅब मीटिंगमध्ये हा प्रश्न आला की ग्लिमएसच्या आकृत्या दाखवून माझ्याने ठाम काही बोलवत नसे.

डायक्रेत तोच प्रश्न आला तर पीसीआरची जेल (डीएनएच्या तुकड्यांची लांबी दाखवणारी) पुढे ठेवता येते. रिंग अवस्थेत काही तास नॅनोमोलर मात्रेत रॅपामायसिन द्यायचं, धुऊन टाकायचं. जनुक कापलं गेलं असेल तर वरचा बँड जाऊन खालचा छोटा बँड आलेला असतो. जनुक नाही म्हणजे नाही. कंट्रोलही त्याच क्लोनचा, फक्त डीएमएसओ (रॅपामायसिन ज्यात विरघळवतात तो द्रव) दिलेला. औषध धुऊन टाकलेलं असल्याने पुढच्या चक्रात जे दिसतं ते बहुतांशी जनुक गेल्याचंच दिसतं. लॉक्सपी नसलेल्या मूळ लाइनलाही एकदा रॅपामायसिन देऊन पाहावं, म्हणजे उरलीसुरली शंका मिटते. माझ्या पहिल्या नीट जमलेल्या प्रयोगात शायझॉन्ट (फुटून नवे परजीवी बाहेर सोडणारी अवस्था) तयार होऊनही फुटेनात. ते स्मिअर पाहताना मला दुसरं कुठलं स्पष्टीकरण शोधावं लागलं नाही.

डायक्रेलाही मर्यादा आहेत. आधी बनून राहिलेलं प्रथिन जनुक गेल्यावरही काही काळ टिकतं, त्यामुळे परिणाम कधी त्याच 48 तासांच्या चक्रात दिसतो, कधी पुढच्या. न कापलेले थोडे परजीवी राहिले तर काही चक्रांत तेच कल्चर व्यापतात, म्हणून निरीक्षणं सुरुवातीलाच उरकावीत. आणि यात थोडंसं कमी करणं नाही.

म्हणून प्रश्नच जर 'प्रथिन घटलं की परजीवी अमुक औषधाला जास्त बळी पडतो का' असा असेल, किंवा ते परत आल्यावर काय होतं हे पाहायचं असेल, तर ग्लिमएस घ्यायला माझी हरकत नाही. प्रथिनाला टॅग लावून ते पेशीत कुठे आहे हे आधी पाहायचंच आहे आणि त्याच प्लास्मिडमध्ये रायबोझाइमही बसतोय, तर बसवून टाकावा. पण जनुक नेमकं काय करतं, त्याच्यावाचून परजीवी कुठल्या टप्प्यावर अडतो, एवढाच प्रबंधाचा गाभा असेल, तर पहिल्या वर्षातला क्लोनिंगचा ताप सोसावा असं मला वाटतं.

मिरजेच्या मुलीला मी शेवटी एवढंच सांगितलं: गाइडना हो म्हणण्याआधी लॅबमध्ये डायक्रेची लाइन आहे का ते विचार. असेल तर तिची अलीकडची जेल मागून घे. रॅपामायसिननंतर वरचा बँड अजून ठळक दिसत असेल, तर लाइनची ताजी कुपी मिळेपर्यंत गाइड आरएनएच्या जागा शोधायला आणि साचा आखायला बस. ते काम कल्चरवाचून होतं.