बाणेरमधील जैवतंत्रज्ञान प्रशिक्षणवर्ग : एक अभिप्राय

ज्या पुण्यात १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली, तेथे एम.एस्सी. होऊनही बॅच रेकॉर्ड, म्हणजे प्रत्येक खेपेच्या उत्पादनाची टप्प्याटप्प्याने ठेवलेली नोंद, कधी न पाहिलेले विद्यार्थी भेटतात. त्यांच्यासाठी बाणेरमधील हा सुटीतील वर्ग उपयुक्त आहे. महाविद्यालयात ऑटोक्लेव्हसाठी (दाबाखालील वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रासाठी) १२१ अंश सेल्सिअस व १५ मिनिटे एवढेच पाठ होते. येथे मात्र भांड्यांच्या गर्दीतील सर्वांत थंड जागेपर्यंत उष्णता पोहोचली की नाही, हे जीवाणूंच्या बीजाणूंची पट्टी ठेवून तपासायला लावतात आणि नोंदवहीतील चूक न खोडता, एका रेघेने कापून, सही व तारखेसह दुरुस्त करायला शिकवतात. शिक्षिका उद्योगातून आलेल्या असल्याने शंकांना आडवळणाची उत्तरे मिळत नाहीत. फर्मेंटरभोवती (सूक्ष्मजीव वाढवण्याच्या पात्राभोवती) मात्र गर्दी फार, आणि शुल्क, स्पष्टच सांगायचे तर, सामान्य घरांना परवडणारे नाही.