कॅसेटवाला टीव्ही गेम: खडे बाजारात घेताना काय तपासाल

बेळगावच्या खडे बाजारात, गणपत गल्लीच्या आसपास, तसंच निपाणी-चिकोडीच्या बाजारात खेळण्यांच्या दुकानांतून 8-बिटचा टीव्ही गेम अजून मिळतो. किंमत साधारण हजाराच्या आत-बाहेर. खोक्यावरचं नाव दरवेळी वेगळं, आतलं यंत्र एकच: निन्टेंडो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम नावाच्या घरगुती गेम यंत्राची नक्कल. नव्वदच्या दशकात समुराई, मीडिया या नावांनी घराघरांत गेलेला गेमही याच घराण्यातला. दुकानदार सरळ सांगतो, "गॅरंटी काय नाही ओ, चालवून बघा आणि घेऊन जावा." ही संधी सोडू नका. दुकानातच दहा मिनिटं नीट तपासून घेतलं तर ही वस्तू पैसे वसूल करते, आणि बिघडली तरी बहुतेक वेळा गावातच दुरुस्त होते. आजच्या स्वस्त गेमिंग वस्तूंमध्ये हा गुण दुर्मिळ आहे.

पहिली अट: कॅसेटची खाच असलेलाच घ्या. नुसते आत भरलेले गेम असलेला स्वस्त पडतो, पण त्यातल्या गेमचा कंटाळा आला की पुढे काही नाही. "9999 इन 1" या आकड्याकडे लक्षच देऊ नका. यादीत दहा-वीस पानं पुढे जा, तेच मारियो, तेच टँक, तेच सर्कस नाव बदलून किंवा मधल्या लेव्हलपासून सुरू होताना दिसतील. कमी आकड्याची, पण कॉन्ट्रा, मारियो, बॉम्बरमॅन, रोड फायटर ही नावं असलेली कॅसेट जास्त कामाची. खाच 60 पिनांची असते, म्हणजे जपानी फॅमिकॉमच्या मापाची. एनईएसची, म्हणजे फॅमिकॉमच्या अमेरिका-युरोपातल्या आवृत्तीची, 72 पिनांची कॅसेट कनव्हर्टरशिवाय बसत नाही.

मूळ फॅमिकॉम जपानात 15 जुलै 1983 रोजी 14,800 येनला आला. त्या दिवशी सोबत आलेले तिन्ही गेम, डाँकी काँग, डाँकी काँग ज्युनियर आणि पॉपाय, आर्केडमधून आणलेले होते. नाणं टाकून उभ्यानं खेळायचा खेळ घरच्या टीव्हीवर आणायचा, यासाठीच हे यंत्र घडलं. त्यात काटछाटही झाली. 1981च्या आर्केडमधल्या डाँकी काँगला चार टप्पे होते, घरच्या आवृत्तीत तीनच आले. सरकत्या पट्ट्यांच्या कारखान्याचा टप्पा गेला. तेव्हा तो दिसला नाही म्हणून कॅसेटला नावं ठेवू नका. तसंच एका आडव्या ओळीत आठच हलती चित्रं दाखवायची मूळ चिपचीच मर्यादा आहे. गर्दी झाली की गोळ्या आणि शत्रू लुकलुकतात, तो बिघाड नाही.

नकली यंत्र उघडलं तर डबा बहुतेक रिकामाच दिसतो. छोट्या बोर्डावर डांबराच्या थेंबासारखा काळा गोळा असतो, त्याच्याखाली अख्खा फॅमिकॉम एका चिपमध्ये. तो गोळा जळला तर दुरुस्ती नाही. बाकी सगळं बदलता येतं. म्हणून खरा जीव अडॅप्टरमध्ये आहे.

जुन्या पद्धतीच्या यंत्राला 9 व्होल्ट डीसी लागतात आणि आत 7805 नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर त्याचे 5 व्होल्ट करतो. नव्या बऱ्याच यंत्रांत मोबाइल चार्जरचं यूएसबी तोंड असतं, तिथे थेट 5 व्होल्ट जातात आणि रेग्युलेटर असेलच असं नाही. गोल पिनचं तोंड असलेल्या 5 व्होल्टच्या यंत्रात कुणी 9 व्होल्टचा अडॅप्टर खुपसला की गोळा जागीच मरतो. दुसरा धोका पोलॅरिटीचा, म्हणजे अधिक-उणे टोकं उलटी लागायचा. मूळ फॅमिकॉमच्या अडॅप्टरला मधली पिन निगेटिव्ह होती, नकलांतही ती सवय दिसते, तर बाजारातले बहुतेक अडॅप्टर मधली पिन पॉझिटिव्हवाले. यंत्राच्या बुडावरचं चिन्ह आणि अडॅप्टरवरचं चिन्ह जुळल्याशिवाय स्विच टाकू नका. चिन्ह नसेल तर मल्टिमीटर लावा. "12 व्होल्टपण चालतंय की" असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका: 300 मिलिअँपिअर धरले तर 9 व्होल्टवर रेग्युलेटर 1.2 वॉट उष्णता सोसतो, 12 वर 2.1 वॉट, तेही कित्येकदा उष्णता बाहेर टाकणाऱ्या पत्र्याच्या हीटसिंकशिवाय. अर्ध्या तासात चित्र थिजतं ते यामुळे. खाली, 7 व्होल्टच्या आतही जाऊ नका, 7805ला आपल्या 5च्या वर साधारण दोन व्होल्ट जास्त लागतात. खोक्यातला अडॅप्टर हलका असेल तर चांगला वेगळा घ्या. पडद्यावर आडवे जाड पट्टे सरकत असतील आणि घुंईं आवाज येत असेल, तर अडॅप्टरमधला कपॅसिटर सुकलेला आहे. गेमला हात लावायची गरज नाही.

आता वेग. यातली काही यंत्रं सेकंदाला 60 चित्रं काढतात, काही 50. आपल्याकडची टीव्ही पद्धत पाल (PAL, सेकंदाला 50 चित्रांची), म्हणून 50वाली इथे भरपूर. पण गेम 60 धरून लिहिलेले, त्यामुळे 50वर मारियो सुमारे 17 टक्के सावकाश धावतो, गाणंही रेंगाळतं. ओळखायचं सोपं आहे. मारियोचा 1-1 टप्पा सुरू करा, त्याला जागेवरून हलवू नका. टाइम 400 दिसला की मोबाइलचं स्टॉपवॉच चालू, 300 दिसला की बंद. टाइमचा एक आकडा 24 चित्रांनी उतरतो, म्हणजे शंभर आकड्यांना 2,400 चित्रं. 40 सेकंद आले तर यंत्र 60चं, 48 आले तर 50चं. लहान मुलांना 50 सोयीचा पडतो, पण कॉन्ट्रा जुन्या हाताला बरोबर लागायला हवा असेल तर 60चाच मागा. मात्र घरी जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही असेल तर 60च्या यंत्राचं चित्र त्यावर काळं-पांढरं येऊ शकतं किंवा वर-खाली लोळू शकतं. नवे एलईडी बहुधा दोन्ही घेतात. काही नक्कल चिपांमध्ये आवाजाच्या लहरींचे दोन प्रकार उलटे लागलेले असतात, त्यामुळे ओळखीची धून वेगळ्याच वाद्यावर वाजल्यासारखी वाटते. त्यावर घरगुती इलाज नाही, पसंत नसेल तर दुसरा नग लावायला सांगा.

टीव्हीला पिवळी-पांढरी एव्ही भोकं नसतील तर एव्हीतून एचडीएमआय करणारा कनव्हर्टर लागतो. दुकानात उलट दिशेचाही त्याच आकाराचा डबा असतो, म्हणून इनपुटच्या बाजूला पिवळं भोक आहे ना ते बघूनच पैसे द्या. एलईडीवर आणखी एक अडचण येते. यंत्राचं चित्र एकसंध 240 ओळींचं असतं, टीव्ही त्याला एकाआड एक ओळींचं समजून "सुधारायला" जातो. मार बसलेला मारियो लुकलुकायच्या ऐवजी कधी गायबच होतो, आणि बटण दाबल्यावर उडी उशिरा येते. टीव्हीचा गेम मोड चालू करा, बराच फरक पडतो. पडद्यावर नेम धरायची खेळण्यातली बंदूक मात्र एलईडीवर चालणारच नाही. डक हंट या बदकांच्या शिकारीच्या गेममध्ये चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदुकीतला सेन्सर तो उजेड नेमक्या क्षणी शोधतो. एलईडीचं चित्र उशिरा येत असल्यानं नेम बरोबर असूनही बदक पडत नाही. माळ्यावर जुना टीव्ही असेल तरच बंदुकीचे पैसे मोजा.

रिमोट, म्हणजे हातात धरून खेळायचा बटणांचा कंट्रोलर, हा सगळ्यात आधी जाणारा भाग, पण त्याचा बिघाड बोलका असतो. एकच बटण मेलं तर आतलं रबर किंवा त्याखालचा कार्बन मळलाय. चार स्क्रू काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा कापूस फिरवा, पूर्ण वाळू द्या. पॉलिश पेपर लावू नका, कार्बनचा थर निघाला की बटण कायमचं गेलं. सगळी बटणं एकदम मेली तर वायर तुटलीय, बहुतेक वेळा रिमोटमध्ये शिरते तिथेच. आत पाचच तारा असतात: 5 व्होल्ट, ग्राउंड, लॅच, क्लॉक, डेटा. तुटका भाग कापून पुन्हा झाळता येतात, पण तारांच्या रंगावर विश्वास ठेवू नका. कापायच्या आधी कुठली तार कुठल्या पिनला जाते ते मीटरनं बघून लिहून घ्या. घेताना दुसरा रिमोटही लावून दोघांनी खेळून बघा, कित्येकदा तोच मेलेला निघतो.

कॅसेट फुंकणं बंद करा. फुंकरीतला ओलावा पिनांवर बसतो, आणि बेळगाव-खानापूरच्या पावसाळ्यात तो वाळतही नाही. तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडतात. पट्ट्यांवर पांढरं खोडरबर हलकं फिरवून वर अल्कोहोलचा कापूस, इतकं पुरतं. गेम चालतोय, आवाज बरोबर आहे पण चित्रं विस्कटलेली, तर कॅसेटमधल्या चित्रांच्या चिपकडच्या पिना मळल्यात. नुसताच एकरंगी पडदा असेल तर प्रोग्रामच्या चिपकडच्या. दोन्हीला उपाय तोच, आणि कॅसेट काढताना-घालताना स्विच बंदच हवा. जून ते सप्टेंबर कॅसेटी झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

त्याच काउंटरवर एचडीएमआयची गेम स्टिकही दाखवतील. दोन वायरलेस रिमोट, मेमरी कार्डावर हजारो गेम, मधूनच गेम सेव्ह करायची सोय. नव्या टीव्हीला जोडायला ती सोपी आहे, हे मान्य. पण रिमोटचा उशीर जाणवतो, आणि लाईट गेली-आली की कार्ड बिघडायची भीती असते. घ्यायचीच असेल तर पहिल्याच दिवशी कार्डाची पूर्ण नक्कल संगणकावर काढून ठेवा. बोटाला लगेच उत्तर देणारं यंत्र हवं असेल, तर खाचवाला टीव्ही गेम, वेगळा घेतलेला चांगला 9 व्होल्टचा अडॅप्टर (तुमचं यंत्र 9चं असेल तर) आणि एक जादा रिमोट, एवढं एकत्र घ्या.